लष्करी गुप्तवार्ता म्हणजे आत नेमकी कोणकोणती कामं? (भाचीसाठी माहिती हवी आहे)

मुक्ता_कोथरूड
नमस्कार मंडळी. बहिणीची मुलगी एसएसबी (सैन्यात अधिकारी निवडायची मुलाखत) पास झाली, मेडिकल झालं, मेरिट लिस्टमध्ये नाव आलं, आता चेन्नईच्या ओटीएला, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, जायची तयारी चाललीये. घरात आनंदीआनंद. फक्त एका गोष्टीवरून रोज संध्याकाळी वाद. तिचं म्हणणं, आर्मची, म्हणजे सैन्यातल्या शाखेची, चॉइस भरायची वेळ येईल तेव्हा पहिल्या नंबरवर इंटेलिजन्स कोअर लिहिणार. तिचे बाबा म्हणतात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) करून हे कशाला, सिग्नल्स, म्हणजे संदेशवहनाचं खातं, घे, डिग्रीचा उपयोग होईल. आजीच्या डोळ्यासमोर वेषांतर करून सीमेपलीकडे गेलेली नात येते, तिची झोपच उडालीये.

मला प्रश्न असा आहे की या खात्यात रोजचं काम काय असतं? ह्युमिंट, सिगिंट, इमिंट (माणसांकडून, रेडिओ-लहरींतून, फोटोंतून मिळणारी माहिती) असले शब्द ती फेकते पण ह्या वेगवेगळ्या नोकऱ्या आहेत का एकाच माणसाला सगळं करावं लागतं? स्वभाव कसा लागतो? इथे फौजेतली बरीच मंडळी आहेत म्हणून विचारतेय. गोपनीय काही नको, सर्वांना माहीत असतं तेवढंच सांगा.

मीठभाकर
आधी भाचीचं मनापासून अभिनंदन! पेढे कुठे मिळतील?

देवळालीकर
अभिनंदन. ताई, पहिला प्रश्न, एन्ट्री कुठली? एसएससी टेक, म्हणजे शॉर्ट सर्व्हिसची तांत्रिक एन्ट्री, असेल तर इंजिनीअर्स, सिग्नल्स, ईएमई (यंत्रं सांभाळणारे) ह्यातलंच काहीतरी मिळतं, मग वादच मिटला. सीडीएस परीक्षेतून नॉन-टेक असेल तर इंट कोअर खुली आहे, मुलींनाही आहे, आणि फेब्रुवारी २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पर्मनंट कमिशनचा, म्हणजे कायम नोकरीचा, रस्ताही आहे.

मुक्ता_कोथरूड
सीडीएस, नॉन-टेक. म्हणजे वाद चालू राहणार :)

फौजी_घर
ताई, तुम्ही कोथरूडला राहता आणि विचारताय आम्हाला! इंटेलिजन्स कोअरचं ट्रेनिंग स्कूल आणि डेपो पुण्यातच आहे. कोअरची स्थापना १ नोव्हेंबर १९४२ ची, तोच त्यांचा कोअर डे, ब्रीद 'सदा सतर्क'. चेन्नईचं ट्रेनिंग आटोपून ती इंटमध्ये गेली तर कोर्सच्या निमित्ताने मावशीच्या घरी जेवायला येईल, आजीला हे आधी सांगा.

आणि आजीला हेही सांगा की पलीकडे माणसं पेरणं हे मुख्यतः रॉचं काम, ती वेगळी संस्था, १९६८ पासूनची. सैन्यातला इंटचा अधिकारी गणवेशात असतो, त्याचं ऑफिस असतं, फाइली असतात, रात्रीच्या ड्युट्या असतात. आमच्या घरात अनेक वर्षं हेच बघितलंय. जेवताना फोन आला की ताट तसंच राहायचं, आणि कुठे चाललात हा प्रश्न घरात कोणी विचारायचं नाही. आम्हाला त्याची सवय झाली. पण होणाऱ्या जावयाला लग्नाआधी सांगून ठेवा.

निवृत्त_तारायंत्री
मी सिग्नल्सचा, कुठे होतो ते लिहिणार नाही. पण बाबांच्या मुद्द्यात दम आहे हे आधी सांगतो. शत्रूचा रेडिओ ऐकायचा, त्याच्या रडारची लक्षणं टिपायची, जॅमिंग करायचं, सैन्यातल्या ह्या इलेक्ट्रॉनिक वॉरफेअर युनिट सिग्नल्सकडे असतात. त्यामुळे मुलीला गुप्तवार्ताच करायची आहे आणि शिक्षण ईएनटीसीचं आहे तर सिग्नल्समधूनही ती तिथे पोचू शकते.

आता हे ऐकण्याचं काम म्हणजे काय ते सांगतो कारण लोकांना वाटतं की हेडफोन लावला की शत्रूचा बेत ऐकू येतो. बहुतेक वेळा काय बोलतायत ते कळतच नाही, कोडमध्ये असतं किंवा नुसता खरखराट. तरीसुद्धा पुष्कळ कळतं. दोन-तीन ठिकाणांहून दिशा घेतली की नकाशावर रेषा मारायच्या, छेदतील तिथे सेट आहे. कोणाचं स्टेशन कोणाला बोलावतं, किती वेळा, उत्तर द्यायला किती वेळ लागतो, हे महिनोन् महिने लिहीत राहिलं की वरिष्ठ कोण आणि हाताखालचा कोण हे आपोआप दिसायला लागतं. शेजारच्या घरात काय बोलतायत ते ऐकू येत नाही पण पहाटे चारला कुकरच्या शिट्ट्या व्हायला लागल्या की आज तिकडे काहीतरी आहे हे आपण ओळखतोच ना, तसंच. आणि रोज बडबडणारं रेडिओचं नेट एक दिवस गप्प झालं तर त्या दिवशी जास्त काळजी करायची. मोर्सच्या काळात तर कानाला सवय झालेला माणूस पलीकडच्या ऑपरेटरचा हात ओळखायचा, कॉलसाइन (स्टेशनचं सांकेतिक नाव) बदललं तरी हा तोच म्हणून सांगायचा, तो नव्या ठिकाणाहून बोलला की त्याची अख्खी तुकडी हलली हे कळायचं.

ह्या कामाला चिकाटी लागते. आठ तासाच्या शिफ्टमध्ये काहीही घडत नाही आणि तरीही आठवा तास पहिल्यासारखाच ऐकावा लागतो. ज्याला रोज नवीन काहीतरी हवं त्याने इकडे येऊ नये.

घाटवाट
एवढं सगळं ऐकून कारगिलला काय दिवे लावले? १९९९ च्या मे महिन्यात घुसखोर आधी कोणाला दिसले, तर बटालिकजवळच्या गारखोन गावच्या ताशी नामग्यालला. हरवलेला याक शोधत होता, दुर्बिणीतून बघितलं तर वर माणसं दगड रचतायत, खणतायत. त्याने जाऊन लष्कराला सांगितलं. सॅटेलाइट, रेडिओ, विमानं सगळी असताना.

बखरवाचक
घाटवाट, ताशी नामग्याल हीसुद्धा गुप्तवार्ताच झाली की. स्थानिक माणसाने विश्वासाने येऊन सांगणं हा ह्युमिंटचा पाया आहे. महाराजांच्या काळात बहिर्जी नाईकांनी तेच केलं, माणसं जोडली.

सह्यवारा
बहिर्जींचा विषय निघालाच आहे तर बाणूरगडला जाऊन या, सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुका. त्यांची समाधी तिथे दाखवतात. फकीर, ज्योतिषी, वासुदेव होऊन फिरायचे म्हणे.

बखरवाचक
सह्यवारा, वेषांतराच्या बहुतेक गोष्टी खूप नंतरच्या आहेत. सभासद बखरीत बहिरजी जासूद येतो तो सुरतेच्या संदर्भात, पाळत करून आला आणि तिथे किती द्रव्य मिळेल ते सांगितलं, एवढंच. मला हे 'एवढंच' जास्त महत्त्वाचं वाटतं. वेष कुठला घेतला ते बखरकाराने लिहिलेलं नाही, बातमी काय आणली ते लिहिलंय. जानेवारी १६६४ मध्ये महाराज इतक्या लांब मुलखात गेले ते त्या बातमीच्या भरवशावर. ताईंच्या भाचीला हेच सांगा, तिचं मोल तिने आणलेल्या माहितीवर ठरणार.

प्रशासक
विषय छान चाललाय. एक विनंती: सध्याच्या नेमणुका, युनिटची ठिकाणं, ओळखीतल्या कोणाची नावं इथे टाकू नयेत. दोन प्रतिसाद काढले आहेत.

छायापट
घाटवाट यांच्या प्रश्नाला मला माझ्या बाजूने उत्तर द्यायचंय, थोडं लांबेल. मी हवाई दलात फोटोच्या कामात होतो, फिल्मच्या काळात.

कारगिलला २१ मे १९९९ ला १०६ स्क्वाड्रनचं कॅनबेरा विमान फोटो काढायला गेलं आणि त्याला खांद्यावरून सोडलेलं क्षेपणास्त्र लागलं. एक इंजिन गेलं. एकाच इंजिनवर ते श्रीनगरला उतरवलं. ते फोटो काढायला लोक जीव धोक्यात घालून गेले होते, म्हणून काय दिवे लावले असं कोणी लिहिलं की वाईट वाटतं.

आता फोटो बघायचं काम. आमच्याकडे फिल्म धुऊन यायची, लाइट टेबलवर अंथरायची, एकाच जागेचे थोड्या अंतराने घेतलेले दोन फोटो शेजारी ठेवायचे आणि वर स्टिरिओस्कोप. डोळे स्थिरावले की सपाट कागदातून डोंगर वर उठतो. नवखा माणूस वस्तू शोधतो, जुना माणूस आधी सावली बघतो. वरून बघितलं तर तोफ आणि ओंडका सारखाच, सावलीत नळी दिसते. सूर्य किती वर होता ते वेळेवरून काढायचं, सावलीच्या लांबीवरून उंची. ताज्या खणलेल्या मातीचा रंग वेगळा. पायवाट कुठे जाते हे बघायचं, माणसं कितीही झाकून राहिली तरी पाण्याला आणि परसाकडे जातातच, बर्फावर ती रेघ उठते. आणि जुना फोटो नेहमी शेजारी हवा. आजच्या फोटोत काय आहे हे अर्धंच काम, काल काय नव्हतं ते उरलेलं अर्धं.

मुलीसाठी विचारलंत म्हणून सांगतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये मेडमेनहॅमला फोटो वाचणाऱ्यांचं केंद्र होतं, तिथे कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ नावाची बाई विमानांचा विभाग सांभाळायची. अगदी छोटं विमान दिसतंय का बघ एवढंच तिला सांगितलं होतं. नोव्हेंबर १९४३ अखेरच्या, जर्मनीतल्या पेनेमुंडच्या फोटोत समुद्राकाठच्या एका उतरत्या रुळावर तिला फुलीसारखा इवलासा ठिपका दिसला. तो व्ही-वन उडता बॉम्ब होता. त्यावरून फ्रान्समधले तसलेच रूळ कशासाठी आहेत ते पक्कं झालं. शेकडो लोकांनी बघितलेल्या जागेत तिला दिसलं कारण तिने विमानं डोळ्यात साठवली होती.

आता फिल्म गेली. आपल्याकडे २००१ च्या टीईएस उपग्रहाने एक मीटरपर्यंतचं दिसायला लागलं आणि नोव्हेंबर २०१९ च्या कार्टोसॅट-३ चं रिझोल्यूशन तर पाव मीटर आहे. रडारवाले रिसॅट ढगातून आणि रात्रीही बघतात. संगणक मार्किंग करून देतो. पण सावली वाचणारा माणूस लागतोच.

मीठभाकर
छायापट काका, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका, हात जोडून विनंती.

टेक्सासची_चिंगी
आमच्या शेजारच्या मराठी घरातला मुलगा यूएस आर्मीत गेला त्यामुळे तिकडची पद्धत जवळून बघितली. तिथे भरती होतानाच प्रत्येक कामाचा नंबर असतो, आणि इंटेलिजन्सचे सगळे ३५ ने सुरू. ३५एफ म्हणजे ॲनालिस्ट, ३५जी उपग्रह आणि हवाई फोटो वाचणारे, ३५एल प्रतिहेरगिरी, ३५एम माणसांशी बोलून माहिती काढणारे, चौकशी वगैरे, ३५एन सिगिंट, ३५पी परकीय भाषेत ऐकणारे, ३५टी म्हणजे ह्या सगळ्यांची यंत्रं दुरुस्त करणारे. म्हणजे मुक्ताताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे तरी स्वच्छ आहे, वेगवेगळ्या नोकऱ्या. ट्रेनिंगची गावंही वेगळी, बरंचसं ॲरिझोनात फोर्ट हुआचुकाला, सिगिंटचं टेक्सासमध्ये सॅन अँजेलोला, भाषा कॅलिफोर्नियात माँटेरेला. चिनी, अरबी, कोरियन असेल तर तब्बल ६४ आठवडे फक्त भाषा, रोज, पूर्णवेळ. स्पॅनिशला ३६.

ह्या मुलाचं सगळ्यात मोठं संकट म्हणजे क्लिअरन्सचा फॉर्म. परदेशी नागरिकांपैकी ज्यांच्याशी जवळचा संबंध आहे त्यांची मागच्या सात वर्षांची माहिती. त्याची आई म्हणाली आमचे सगळेच परदेशी, अख्खं इस्लामपूर परदेशी! साताऱ्याच्या आत्याची जन्मतारीख कोणालाच माहीत नव्हती.

देवळालीकर
चिंगीताई, हे उपयोगी. पण आपल्याकडे इतक्या काटेकोर चौकटी अधिकाऱ्यांना नसतात. अधिकारी आज फील्ड सिक्युरिटीत, उद्या एखाद्या फॉर्मेशनच्या मुख्यालयात स्टाफवर. शिवाय गुप्तवार्तेचं काम फक्त इंट कोअर करते असंही नाही. तोफखान्यात साटा रेजिमेंट असतात, शत्रूची तोफ कुठून डागते ते रडारने शोधायचं, लांबचं बघणारे कॅमेरे. कारगिलला आपल्याकडे तोफा शोधणारी रडार नव्हती, त्याची किंमत आपण मोजली, नंतर अमेरिकेकडून घेतली आणि मग आपलं स्वाती रडार आलं. २०२३ पासून मुली तोफखान्यातही जातायत, तोही पर्याय तिला सांगा. समुद्रावर नौदलाची पी-८आय विमानं २०१३ पासून पाळतीचं काम करतायत. इलेक्ट्रॉनिक लहरी टिपणारा एमिसॅट १ एप्रिल २०१९ ला वर गेला. हे सगळे डोळे-कान वेगवेगळ्या खात्यांचे आहेत.

घाटवाट
छायापट काका, तुमच्या माणसांच्या धैर्याबद्दल मला पूर्ण आदर आहे, माझा राग तिकडे नव्हताच. माझा मुद्दा असा की डोळे-कान एवढे, मग डोकं कुठे होतं?

कागदाचा_माणूस
घाटवाटनी बरोबर जागी बोट ठेवलं आणि ह्या धाग्यावर अजून ज्याच्याबद्दल कोणीच बोललं नाही ती शाखा म्हणजे विश्लेषण. मी आयुष्यभर तेच केलं, सैन्याबाहेर, पण त्यांच्या शेजारी बसून.

के. सुब्रह्मण्यम यांच्या कारगिल समितीचा अहवाल संसदेपुढे आला, सर्वांना वाचता येतो. त्यात एक तपशील आहे. जून १९९८ मध्ये आयबीने, म्हणजे देशांतर्गत गुप्तवार्ता खात्याने, त्या भागातल्या हालचालींबद्दल एक टिपणी वरपर्यंत पाठवली, पंतप्रधान, गृहमंत्री, डीजीएमओ (लष्करी कारवायांचे महासंचालक). पण रॉ, संयुक्त गुप्तवार्ता समिती आणि लष्करी गुप्तवार्ता महासंचालनालय ह्यांना ती थेट गेलेली नव्हती. म्हणजे तुकडे जोडायचं काम ज्यांचं, त्यांच्या टेबलावर तुकडाच नाही. म्हणून २००२ मध्ये तिन्ही दलांची मिळून डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी उभी राहिली, २००४ मध्ये तांत्रिक गुप्तवार्तेसाठी एनटीआरओ. अर्थात संकलन करणाऱ्यांनाही पूर्ण सूट देता येत नाही, पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीच्या बटालियन नेमक्या कुठे आहेत हे कळण्यात कमतरता होती असं त्याच अहवालात आहे.

रोजचं काम सांगतो. एक इनपुट येतो, समजा अमुक नाल्यापलीकडे नवीन तुकडी आलीये. आधी दोन वेगळे प्रश्न. सांगणारा किती भरवशाचा, आणि सांगितलेलं किती पटण्यासारखं. ब्रिटिशांपासून चालत आलेली पद्धत आहे, माणसाला ए ते एफ, बातमीला १ ते ६. हे दोन आकडे एकमेकांत मिसळायचे नाहीत हीच खरी शिस्त. आजवर खरं बोललेला माणूस उद्या ऐकीव गोष्ट सांगू शकतो, आणि लबाड माणसाने आणलेली बातमी खरी निघू शकते. दोघांनी तेच सांगितलं तर बघायचं की दोघांनी एकाच तिसऱ्याकडून ऐकलंय का, कारण मग ती एकच बातमी आहे. मग ऑर्बॅटच्या, म्हणजे शत्रूची कुठली तुकडी कुठे याच्या, नोंदी काढायच्या, त्या तुकडीचा पॅटर्न काय, सिगिंट काय म्हणतं, फोटोत चुली, गाड्या, तंबू वाढलेत का. आणि शेवटी एक पान लिहायचं, त्यात मला काय माहीत आहे, काय वाटतं आणि किती खात्रीने वाटतं हे वेगवेगळं.

ते एक पान लिहायला धैर्य लागतं. ऑक्टोबर १९७३ मध्ये इस्रायलच्या दक्षिण कमांडमध्ये बिन्यामिन सिमन-तोव नावाचा एक लेफ्टनंट होता. इजिप्तचा सराव हा खरा सराव नसून हल्ल्याची आड आहे असं त्याने १ आणि ३ तारखेला लिहून दिलं. वरिष्ठांनी ते पुढे जाऊ दिलं नाही कारण युद्ध होणार नाही हे वर ठरून गेलं होतं. ६ तारखेला हल्ला झाला. नंतर तिथल्या लष्करी गुप्तवार्तेत खास एक विभाग केला गेला, ज्याचं कामच ठरलेल्या मताच्या विरुद्ध बाजू मांडायची. मुक्ताताई, भाचीला विचारा, साहेब नको म्हणत असताना, आदब राखून, तेच दुसऱ्यांदा लिहून देता येईल का? येत असेल तर हिला इंटमध्ये जाऊ द्या. आम्हाला अशी माणसं कायम कमी पडली.

निवृत्त_तारायंत्री
कागदाचा माणूस यांना सलाम. एक भर. जी माहिती मिळाली ती वापरायची किती हाही मोठा प्रश्न असतो. मे १९९९ मध्ये पाकिस्तानचे सेनाप्रमुख मुशर्रफ बीजिंगमध्ये आणि त्यांचे हाताखालचे जनरल अझीझ रावळपिंडीत, त्यांचं फोनवरचं बोलणं पकडलं, ११ जूनला सरकारने ते जगापुढे ठेवलं. पाकिस्तानी सैन्यच आत आहे हे सिद्ध झालं, जगाचं मत फिरलं. पण आमच्यातल्या कित्येकांना त्या दिवशी हळहळ वाटली, कारण ती वाट आता बंद होणार हे कळत होतं.

घाटवाट
मला तो निर्णय पूर्ण बरोबर वाटतो. वर मुलं चढत होती, तेव्हा नाही वापरायचं तर कधी?

निवृत्त_तारायंत्री
तुमचंही बरोबर आहे. मी दोन्ही बाजूंनी अनेक रात्री विचार केलाय, आणि निर्णय घेणाऱ्याच्या खुर्चीत मी नव्हतो.

फौजी_घर
ह्युमिंट आणि प्रतिहेरगिरीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडंसं, मी बघितलं तेवढं. आपल्याच छावणीचं रक्षण हाही मोठा भाग. सोशल मीडियावर गोड बोलणारी अनोळखी मुलगी, जवानाकडून आधी फोटो मग युनिटचं नाव, हे प्रकार पेपरात येतातच. ते थांबवायचं म्हणजे पोरांना धमकावून चालत नाही, चूक झालेला पोरगा स्वतःहून येऊन सांगेल इतका विश्वास लागतो. आणि गावातल्या माणसाशी बोलायचं तर त्याची भाषा, त्याच्या घरचं आजारपण, त्याच्या मुलीचं लग्न हे मनापासून विचारावं लागतं. नाटक लगेच ओळखू येतं. भाची माणसांत रमणारी आहे का?

मुक्ता_कोथरूड
सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री तिला आणि तिच्या बाबांना समोर बसवून अख्खा धागा मोठ्याने वाचून दाखवला, आजीपण होती. आजीला याकवाला फार आवडला. बाबांचं म्हणणं आता असं की सिग्नल्स पहिली आणि इंट दुसरी असं लिहावं. भाची माणसांत रमते पण तिचा खरा जीव त्या ए ते एफ आणि १ ते ६ वर जडला. तिने घरातल्या सगळ्यांना ग्रेड दिलेत, मला बी-थ्री. ती इंट पहिली लिहिणार हे पक्कं आहे, मिळणं न मिळणं मेरिट आणि जागांवर. तिला आता विचारायचंय की चेन्नईला जायच्या आधी जे काही महिने हातात आहेत त्यात काय करावं?

देवळालीकर
धावणं. बाकी सगळं नंतर. ओटीएचे ४९ आठवडे गुडघे आणि नडग्या बघतात, आणि आर्म मेरिटवर मिळते.

कागदाचा_माणूस
रोज एक बातमी घ्या, तीन वेगळ्या पेपरांतून वाचा आणि पाच ओळींत लिहा, काय पक्कं, काय अंदाज. वडिलांना तपासायला द्या.

टेक्सासची_चिंगी
भाषा! कुठलीही एक.

फौजी_घर
+१. सैन्य चिनी येणाऱ्यांच्या शोधातच असतं, टेरिटोरियल आर्मीतही चिनी दुभाषे घेतलेत. पुढे सैन्यात गेल्यावर पचमढीला किंवा दिल्लीच्या स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेसमध्ये शिकता येतं, ते संरक्षण मंत्रालयाचंच आहे, तिबेटी, पश्तू, सिंहली, बर्मी सगळं शिकवतात. पण कानाला आतापासून सवय लागली तर बरंच.

छायापट
चिनीच्या मागे सगळे आहेत. ईशान्येचा विचार केला तर बर्मी येणारी माणसं किती असतील? मी तर बर्मी म्हणेन.

मुक्ता_कोथरूड
रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी, रशियन आहे हे माहितीये. बर्मी शिकवणारं पुण्यात कोणी आहे का? ऑनलाइनही चालेल, तिची तयारी आहे.

मीठभाकर
माझ्या ऑफिसातल्या एकीचं माहेर मणिपूरला मोरेहचं, सीमेवरचंच गाव. तिला उद्या विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पेढे मात्र विसरू नका.